सोनकांबळे सरांचं अर्थिंग

सोनकांबळे सरांच्या कम्प्युटरची काच फुटली तेव्हा आवाज एवढा मोठा झाला, की समोरच्या घरातले धोंडप्पा अर्ध्या गालावरचा दाढीचा फेस तसाच ठेवून धावत आले आणि आधी गॅस बंद करा म्हणाले. आनंदराज सोनकांबळे हॉलच्या मधोमध उभे होते. पायांभोवती खडीसाखरेसारखे काचेचे दाणे, हातात स्क्रू-ड्रायव्हर, आणि चेहऱ्यावर आपण काहीच केलेलं नाही असा भाव. आणि खरोखरच त्यांनी काही केलेलं नव्हतं. कॅबिनेटच्या एका बाजूची काच त्यांनी दोन्ही हातांनी, तान्हं बाळ उतरवावं तशी उतरवली, भिंतीला टेकवून फरशीवर उभी केली आणि पाठ वळवली. एवढंच. हातोडीलाही दाद देणार नाही असं खोक्यावर छापलेली ती काच फरशीची कड लागताच जागच्या जागी चुरा होऊन खाली बसली.

धोंडप्पा उदगीरला अडतीच्या धंद्यात होते. आता ते सगळं मुलांवर सोपवून लातूरला आले होते आणि कॉलनीतल्या लोकांना सल्ला देण्याचं काम बिनपगारी करत होते. त्यांनी खोकी बघितली, पंखे बघितले, हिरवा मदरबोर्ड बघितला आणि विचारलं, "कम्प्युटर असा सुटा सुटा कामून आणलाव सर? आख्खा मिळत न्हाई का?"

या प्रश्नाचं उत्तर देण्यासारखी सरांची तेव्हा मनःस्थिती नव्हती, म्हणून ते आपण देऊ.

सरांच्या बायकोच्या, म्हणजे ज्योत्स्नाबाईंच्या माहेरी, निलंग्याच्या पुढं, नवं विहार बांधायचं ठरलं होतं. विहार समितीच्या अध्यक्ष होत्या नागुबाई, ज्योत्स्नाबाईंच्या आई आणि अर्थातच सरांच्या सासूबाई. नांदेडच्या कुणा ड्राफ्ट्समननं कागदावर आराखडा काढून दिला होता आणि तो समितीला पसंत पडत आला होता. तेवढ्यात एका दुपारी पंगतीत बसलेले सर म्हणाले, की हे तर मंगल कार्यालय वाटतं, वर फक्त घुमट ठेवलाय. सर हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवतात. असली वाक्यं त्यांच्या तोंडून सहज जातात. नागुबाई वाढता वाढता थांबल्या आणि म्हणाल्या, मग तुम्हीच काढा की. सगळ्या पंगतीनं ऐकलं. त्यामुळं काढणं आलं.

आणि काढायचं तर नुसतं कागदावर कसं काढायचं? थ्री-डी मॉडेल करायचं, चारी बाजूंनी फिरवायचं, समितीला बसल्या जागी दारातून आत न्यायचं आणि सकाळचा उजेड मूर्तीवर कसा पडतो ते दाखवायचं, असं सरांनी ठरवलं. ते सॉफ्टवेअर त्यांनी सुट्ट्यांत शिकून घेतलं होतं. पण घरातला जुना लॅपटॉप चौथऱ्यापर्यंत नीट चालायचा आणि घुमट आला की गरम होऊन डोळे मिटायचा. म्हणून डेस्कटॉप. दुकानदार तयार मशीन द्यायला बसलाच होता. सरांनी फक्त सहज विचारलं, की सुटे भाग घेऊन घरी जोडलं तर? त्यावर तो हसून म्हणाला, सर, तुम्ही कलाकार माणूस, तुम्हाला नाही जमायचं. हे तो म्हणाला नसता तर पुढचं काहीच झालं नसतं. ग्राफिक्स कार्ड लातुरात मिळेना, तर सर नांदेडला गेले आणि येताना एसटीत ते खोकं मांडीवर धरून बसले. शेजारच्या बाईंनी, मिठाई कुणाकडची, असं विचारलंसुद्धा.

तर काच फुटली. ज्योत्स्नाबाई सरकारी दवाखान्यात सिस्टर आहेत. फुटलेलं, कापलेलं, सांडलेलं त्या रोज बघतात. त्यांनी केरसुणी घेतली आणि घरात सगळ्यांनी चपला घालूनच फिरायचं असा हुकूम काढला. हा हुकूम लक्षात ठेवला पाहिजे, कारण याच हुकमामुळं पुढची भानगड काही दिवस कुणाच्या ध्यानात आली नाही.

मशीन जोडून झालं. बटण दाबल्यावर पंखे फिरले, त्यांत सात रंगांचे दिवे लागले आणि कॅबिनेट एखाद्या वरातीच्या गाडीसारखं झगमगायला लागलं. स्क्रीन मात्र काळाच. सरांनी रॅम काढून पुन्हा बसवली. प्रोसेसरवरचा पंखा काढला, थंडाव्याची पेस्ट पुसली, पुन्हा लावली, ती शर्टाला लागली, शर्ट गेला. व्हिडिओतला मुलगा हसत हसत सांगत होता की हे अगदी सोपं आहे, आणि सरांना तो त्या दुकानदाराचा भाऊ वाटायला लागला. शेवटी झाडताना ज्योत्स्नाबाई कॅबिनेटच्या मागं वाकल्या आणि त्यांनी विचारलं, की स्क्रीनची वायर जाईल अशा जागा वरही आहेत आणि खालीही आहेत, तर तुम्ही वरच का घातलीय? खालच्या जागा ग्राफिक्स कार्डाच्या होत्या. सरांनी वायर खाली घातली. चित्र आलं. अशा वेळी बोलू नये एवढं सरांना लग्नानंतर कळलं होतं.

मग कामानं वेग घेतला. चौथरा झाला, खांब झाले आणि एके दिवशी घुमटही मशीन न थांबता उभा राहिला. सर स्क्रीनसमोर हात जोडून बसले. एप्रिल तापला होता आणि एका बाजूनं उघडं असलेलं ते मशीनही तापत होतं, म्हणून धोंडप्पांच्या सल्ल्यानं कूलर त्याच्या दिशेला वळवला गेला. कूलर गळका होता. फरशी कायम ओलसर राहायला लागली. काचेचे दाणे संपले म्हणून चपलांचा हुकूमही उठला. अशा रीतीनं सगळी तयारी पूर्ण झाली.

पहिला मान धोंडप्पांना मिळाला. ते आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, अनवाणी आले, छान झालं म्हणाले आणि शाबासकी द्यावी तसा हात कॅबिनेटवर ठेवला. आणि लगेच काढला. मग पुन्हा ठेवून बघितला. "सर, ह्याच्यात करंट हाय," ते म्हणाले.

सर म्हणाले, शक्य नाही. व्हिडिओत बघून, एकेक स्क्रू मोजून जोडलेलं मशीन आहे. आणि स्वतः हात लावून दाखवला. सरांना काही झालं नाही, कारण टाचदुखीमुळं ते घरात नेहमीच रबरी सपाता घालायचे. धोंडप्पांनी त्यांना सपाता काढायला लावल्या. सरांनी ओल्या फरशीवर अनवाणी पाय ठेवला, हात लावला आणि दंडापर्यंत मुंग्या चढल्या. फेकून देणारा झटका नव्हता, पण नसेतून कुणी बारीक वाळू ओतावी तशा झिणझिण्या. सर हादरले. हादरण्यापेक्षाही त्यांचा अपमान झाला. आपल्या हातांनी घडवलेल्या वस्तूनं आपल्याला चावावं, हे कुठल्याच कलाकाराला आवडत नाही.

धोंडप्पा मात्र घरी जाऊन हे बायकोला, लक्ष्मम्मांना, सांगून बसले. त्यांचा उजवा खांदा दोन वर्षं आखडलेला होता. तेलं झाली, शेक झाले, सोलापूरचे डॉक्टर झाले. त्या आल्या, चपला दाराबाहेर काढल्या आणि सर नको नको म्हणत असताना हात ठेवून उभ्या राहिल्या. डोळे मिटले. मग म्हणाल्या, "इन्न स्वल्प." म्हणजे कानडीत अजून थोडं. पंगतीत भात वाढून घ्यावा तसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लक्ष्मम्मांनी स्वतःच्या हातानं स्वतःची वेणी घातली.

ही बातमी कॉलनीत पसरायला कुठल्याही यंत्राची गरज पडली नाही. सर शाळेतून आले तेव्हा हॉलमध्ये बायामाणसं बसलेली होती. कुणाचा गुडघा, कुणाची मान, एकाची नुसती उत्सुकता. सर त्यांना समजावून सांगू लागले, की हा कम्प्युटर आहे, यावर एका विहाराचं डिझाइन चाललंय. सगळ्यांनी माना डोलावल्या. हाव सर, तुम्ही करा तुमचं काम, आम्ही उगं बसतो. आणि हात लावून बसले. सर स्क्रीनवर विहाराच्या खिडकीची जाळी काढत असताना एक आजोबा म्हणाले, की मघाशी तो घुमट फिरवला तेव्हा जरा चांगलं येत होतं, पुन्हा फिरवा की. मशीनवर कामाचा भार पडला की करंट वाढतो असा शोध तोवर कुणीतरी लावला होता, आणि मग सर साधा चौकोन काढायला लागले की मागून नाराजीचे आवाज यायला लागले.

ज्योत्स्नाबाईंनी ड्युटीवरून आल्याबरोबर सगळ्यांना उठवलं. त्यांचा आवाज वॉर्डातला होता. यांतल्या एखाद्याला हृदयाचा त्रास असला तर जबाबदार कोण, हा त्यांचा प्रश्न सरांना रात्रभर पुरला. पण सकाळी काही करण्याआधीच सासूबाई आल्या.

नागुबाई समितीतल्या दोन बायकांना घेऊन निलंग्याहून पहिल्याच बसनं आल्या होत्या. आधी कळवायची त्यांची पद्धत नव्हती. जय भीम झाला, पाणी झालं. सर सपाता सरकवत मशीनपाशी गेले आणि मॉडेल लावलं. विहार स्क्रीनवर हळूहळू फिरायला लागलं. दार उघडलं, आतला उजेड दिसला. बायका पुढं सरकल्या. नागुबाईही पुढं झाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर सरांनी एवढ्या वर्षांत न बघितलेलं काहीतरी येऊ लागलं होतं. पायऱ्या किती आहेत ते मोजायला त्या वाकल्या. एक बोट स्क्रीनकडं गेलं आणि दुसरा हात, धातूच्या बांगड्यांसकट, आधाराला कॅबिनेटवर टेकला.

बांगड्या वाजल्या. नागुबाई सरळ झाल्या. ओरडल्या नाहीत. मनगट दुसऱ्या हातात धरून खुर्चीवर बसल्या आणि बराच वेळ जावयाकडं बघत राहिल्या. सरांना वाटलं, त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"नांदेडचा कागद झटका देत न्हाई," त्या म्हणाल्या.

पुढच्या रविवारी गावात बैठक होती आणि त्यात आराखडा पक्का व्हायचा होता. बैठकीआधी सकाळी आम्ही पुन्हा येऊ, तोवर हे सुधारलं तर बघू, नाहीतर राहू द्या, असं सांगून त्या चहा न घेता निघाल्या. चहा न घेता हे शब्द ज्योत्स्नाबाईंनी दिवसभरात निरनिराळ्या सुरांत म्हणून बघितले.

सरांनी मेन स्विच बंद केला आणि भिंतीतलं सॉकेट उघडलं. तीन पिनांचं सॉकेट, म्हणजे गळणारा करंट जमिनीत जायला तिसऱ्या भोकाला अर्थिंगची हिरवी वायर हवी. हिरवी वायर होती. सरांचा जीव भांड्यात पडला. खात्री करावी म्हणून त्यांनी ती हलकेच ओढली, आणि ती बाहेर आली. वीतभर वायर, पुढं काही नाही. दुसऱ्या सॉकेटमधूनही तशीच आली. फ्रिजमागचीही आली. वीतभर हिरव्या वायरींचा जुडा हातात घेऊन सर हॉलमध्ये उभे राहिले. ज्या घराचे हप्ते त्यांनी इतकी वर्षं भरले, त्या घराचा जमिनीशी काही संबंधच नव्हता. बिल्डरला फोन केला. तो आदरानं बोलला. म्हणाला, सर, त्या काळी अर्थिंग कुणी मागतच नव्हतं. मग वायर कशाला घातली, असं विचारल्यावर तो म्हणाला, न घातली तर सॉकेट बोडकं दिसतं.

उपाय एकच होता. अंगणात खोल खड्डा घ्यायचा, त्यात पाइप उभा करायचा, भोवती मीठ आणि कोळसा भरायचा, आणि तिथून वायर घरात घ्यायची. हे एखाद्या दुसऱ्या गावात सोपं गेलं असतं. लातुरात उन्हाळ्यात कुणी अंगणात खोल खणायला लागलं, तर त्याचा अर्थ एकच होतो.

खणायला व्यंकटी नावाचा गडी आला. तो खणण्यापेक्षा खड्ड्याच्या काठावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला माहिती देण्यात जास्त रमला. पहिल्या दिवशी, सरांनी बोअर घ्यायला काढलाय, असं त्यानं सांगितलं. दुपारनंतर, ओल लागली म्हणून सांगितलं. संध्याकाळी धोंडप्पा एका पाहुण्याला घेऊन आले. तो तळहातावर नारळ ठेवून पाणी बघायचा. नारळ खड्ड्यावर काही उभा राहिला नाही. मात्र शेजारी सपाता घालून उभ्या असलेल्या सरांकडं तो किंचित कलला, असं दोघांनीही बघितलं. सरांनी पुन्हा अर्थिंग समजावलं. पाणी दडवायलाव न्हाई ना सर, असं धोंडप्पांनी अगदी हळू विचारलं.

दडवल्याची तक्रार झालीच. कुणी केली ते कळलं नाही. महापालिकेचा रविकांत नावाचा कर्मचारी मोटारसायकलवरून आला आणि त्यानं बोअरचा परवाना मागितला. सर म्हणाले, हा बोअर नाही, कम्प्युटरचा खड्डा आहे. रविकांतनं पेन खाली ठेवलं. त्याच्या सांगण्याप्रमाणे अंगणात खड्डा बोअरसाठी असतो, संडासाच्या टाकीसाठी असतो किंवा जलपुनर्भरणासाठी असतो, कम्प्युटरसाठी नसतो. अर्थिंग लिहायचं तर वीजवाल्यांचं पत्र लागेल, आणि वीजवाले म्हणतील, जमीन खणायची म्हणजे महापालिकेला विचारा. सर तत्त्वाचे होते. त्यांनी वाद घातला. रविकांत सज्जन होता. त्यानं उन्हाकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं आणि जलपुनर्भरण असं लिहून टाकलं. मग चांगल्या कामाचा फोटो वर पाठवावा लागतो म्हणून त्यानं सरांच्या हातात व्यंकटीचं फावडं दिलं आणि त्यांना खड्ड्याजवळ उभं केलं. संध्याकाळी तो फोटो कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आला. खाली लिहिलं होतं, गुरुजींचा आदर्श.

आदर्शाची पुढची अडचण अशी, की अर्थिंगचा खड्डा भरल्यावर त्यात पाणी ओतावं लागतं, नाहीतर कोरड्या मुरमात अर्थिंग लागत नाही. नळाला पाणी येऊन बरेच दिवस झाले होते. टँकर आला तेव्हा सगळी कॉलनी घागरी घेऊन उभी होती, आणि त्या सगळ्यांच्या देखत सोनकांबळे सर बादलीमागून बादली जमिनीत ओतत होते. एक बाई घागर डोक्यावर घेऊन थबकल्या आणि बघतच राहिल्या. पावसाची वाट न बघता टँकरच्या पाण्यानं जमिनीचं पुनर्भरण करणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच बघितला होता. सरांनी मान वर केली नाही. त्यांना वाटत होतं, आत पाइपाबरोबर आपणही उभं राहावं आणि वरून कोळसा घालून घ्यावा.

पण अर्थिंग झालं. हिरवी वायर या वेळी ओढली तरी आली नाही. सरांनी सपाता काढल्या, मुद्दाम ओल्या केलेल्या फरशीवर उभे राहिले आणि हात ठेवला. काही नाही. टेबलाला हात लावावा तसं थंड, निर्जीव लोखंड. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी ज्योत्स्नाबाईंनाही बोलावून हात लावायला लावला.

लक्ष्मम्मा संध्याकाळी आल्या. हात ठेवला, वाट बघितली, हात सरकवून दुसरीकडं ठेवला. मग पदर सावरून गेल्या. त्यांचा खांदा आता बरा होता, पण धोंडप्पांचं म्हणणं पडलं की शेजाऱ्याच्या घरातली चांगली चालती गोष्ट बंद करायची म्हणजे मनात काहीतरी असल्याशिवाय होत नाही. तेव्हापासून ते समोरून जाताना सरांना सल्ला द्यायचे थांबले. ज्योत्स्नाबाई म्हणाल्या, हाही अर्थिंगचाच गुण समजा.

रविवारी सकाळी नागुबाई आल्या. या वेळी सोबत समितीतल्या सगळ्या बायका होत्या. त्या भिंतीला धरून बसल्या आणि मशीनपासून हातभर अंतर राखून होत्या. सरांनी मॉडेल फिरवलं, दारातून आत नेलं, सकाळचा उजेड मूर्तीवर पाडून दाखवला. मग एकदम सगळ्याच बोलायला लागल्या. म्हाताऱ्या माणसांना पायऱ्यांशेजारी धरायला दांडा पाहिजे, चपलांना सावलीची जागा पाहिजे, बाळांना घेऊन बसणाऱ्या बायकांसाठी वाऱ्याची खिडकी पाहिजे. सर एकेक करत गेले आणि स्क्रीनवर त्यांच्या डोळ्यांदेखत दांडा आला, सावली आली, खिडकी आली. एक बाई पुढं येऊन खिडकीकडं बघत म्हणाल्या, मी हितं बसणार. नागुबाईंनी नांदेडचा कागद पिशवीतून काढला, नीट चार घड्या घातल्या आणि पुन्हा पिशवीत ठेवला.

"जावयाचंच धरू," त्या म्हणाल्या.

सरांना हा धक्का आधीच्या कुठल्याही धक्क्यापेक्षा मोठा बसला. ज्योत्स्नाबाईंनी बायकांना चहाला आत नेलं. हसण्याबोलण्याचा आवाज स्वयंपाकघरातून यायला लागला, तरी नागुबाई उठल्या नाहीत. हॉलमध्ये दोघंच राहिले तेव्हा त्यांनी आत एकदा नजर टाकली, उजव्या हातातल्या बांगड्या कोपराकडं सारल्या आणि हात अलगद कॅबिनेटवर ठेवला. डोळे मिटून थोडा वेळ तशाच बसल्या. मग एक डोळा उघडला.

"चालू न्हाई का हे?"

सर म्हणाले, मामी, मशीन चालूच आहे, पण करंट पूर्ण काढलाय, आता घाबरायचं कारण नाही.

नागुबाईंनी मनगट वळवून बघितलं. हळू आवाजात म्हणाल्या, की गेल्या वर्षापासून या हातानं भाकरी थापता येत नव्हती. त्या दिवशी इथून गेल्या आणि घरी जाऊन पिठाला हात लावला, तर चार भाकरी सहज उतरल्या. दोनच दिवस टिकलं. म्हणून आज मुद्दाम जरा लवकरची गाडी धरली होती.

सर उठून उभे राहिले. लग्न झाल्यापासून सासूबाईंनी त्यांच्याकडं काही मागितलं नव्हतं. अर्थिंग म्हणजे काय, ते का लागतं, किती धोका होता, दवाखान्यात हातासाठी कुणाला दाखवायचं, हे सगळं त्यांनी घाईघाईनं सांगितलं. खिडकीतून अंगणातला तो नवा, सिमेंटनं बंद केलेला चौकोनही दाखवला. नागुबाईंनी सगळं ऐकून घेतलं. बांगड्या परत मनगटावर ओढल्या आणि चहाला जायला उठल्या.

"एवढा मोठा खड्डा खांदलाव," दाराशी थांबून त्या म्हणाल्या, "अन् घरात एक गुणाची वस्तू होती, तीच पुरलाव."